ती रडलीच नाही

माझ्या नोकरीचं नाव सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "आंगणवाडीची सुपरवायझर? म्हणजे खिचडीवाल्या मॅडम!" मला कधी राग आला नाही. खिचडी होतीच. बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपुरच्या बाजूच्या पंचवीसेक गावांतल्या आंगणवाड्या माझ्याकडे होत्या. तिथे जायचं, मुलांची वजनं बरोबर घेतली जातात का ते बघायचं, आहार पोचला का, आया लसीकरणाला येतात का ते विचारायचं. आणि शेवटी, वेळ उरला तर, आंगणवाडीतली बाई मुलांना काही शिकवते का तेही बघायचं.

हे 'शिकवणं' म्हणजे काय, यावर मी नोकरीभर भांडले. केळीच्या बागा असलेले एक आजोबा एकदा नातवाचा हात धरून माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, ही बाई दिवसभर गाणी म्हणवते, मातीचे लाडू करायला लावते. खेळायला तर आमच्या घरी बकऱ्या पण आहेत. एबीसीडी केव्हा सुरू होणार?"

मी म्हटलं, "बाबा, बकऱ्या उत्तर देत नाहीत ना."

आजोबा हसले नाहीत. नातवाला घेऊन निघून गेले आणि त्याला शहरातल्या टाय लावणाऱ्या शाळेत घातलं.

पण मी थट्टा केली नव्हती. आमच्या कामातली खरी गोष्ट तेवढीच आहे. तान्हं मूल 'ऊं' करतं. आपण म्हणतो, "काय गं, काय झालं?" ते परत 'ऊं' करतं. आपण परत काहीतरी बोलतो. दिवसभर हे चालू असतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातून मुलाला कळतं की मी आवाज काढला की कोणीतरी वळून बघतं. भाषा त्यातून येते, हिंमत त्यातून येते, पुढे शाळेत बाईंना प्रश्न विचारायची छातीही त्यातूनच येते. शाळा सुरू होण्याआधीच्या या वर्षांत कोणी वळून बघितलंच नाही, तर ते नंतर भरून काढायला जिवाचं रान करावं लागतं. वजन काट्यावर दिसतं. हे कुठल्याच काट्यावर दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही.

नोकरीत धक्के पुष्कळ बसले. केळीच्या काढणीच्या दिवसांत एका घरात शिरले, तर दीड वर्षाची पोर खाटेच्या पायाला जुन्या साडीनं बांधलेली. आई बागेत गेलेली. मला बघून पोरीनं असा टाहो फोडला की शेजारची म्हातारी धावत आली आणि मलाच ओरडली, "कोण गं तू? पोरीला का रडवते?" आई आल्यावर मी तिला बोलले, तर ती शांतपणे म्हणाली, "बांधू नको तर काय करू? मागे विहीर आहे, कठडा नाही." आंगणवाडी सकाळी लवकर उघडायची सोय करायला मग मला बरीच खटपट करावी लागली. पण त्या पोरीला आवाज होता, आणि तिच्या आवाजाला धावून येणारी म्हातारी होती. याचं मोल मला निवृत्त झाल्यावर कळलं, तेही आमच्या बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या एका चकचकीत टाइल्स लावलेल्या खोलीत.

तिथे एक खाजगी बालवाडी आहे. सोबत पाळणाघरही. नाव सांगत नाही. चालवणाऱ्या बाईंना वर्षा मॅडम म्हणू. चाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. वार्षिक कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांनी मला बोलावलं. विषय दिला, 'बालपणीचे संस्कार'. निवृत्त माणसाला कोणी बोलावलं की बरं वाटतं. मी ठेवणीतली साडी नेसले आणि सवयीनं वेळेच्या बरीच आधी पोचले. तपासणीला कायम असंच जायचे. लवकर गेलं की खरं काय ते दिसतं.

खोलीत पंचवीसेक मुलं रंगीत खुर्च्यांवर ओळीत बसली होती. दोन-अडीच ते चार वर्षांची. झालरीचे फ्रॉक, नवे बूट, केसांत पिना. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यात इंग्रजी गाणी चालू, आवाज बारीक केलेला. प्रत्येक मुलाचं बोट तोंडावर. पूजा नावाची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिला सगळे दीदी म्हणत, खिडकीला फुगे बांधत होती. मला आधी काही वावगं वाटलं नाही. मग एकदम लक्षात आलं, मला शेजारच्या गल्लीतल्या लूमची, कापड विणणाऱ्या मागाची, खटखट ऐकू येते आहे. दार बंद होतं. खोलीत पंचवीस मुलं होती. आणि मला लूम ऐकू येत होता.

तेवढ्यात गुलाबी फ्रॉकमधली एक मुलगी पाणी प्यायला उठली. परत येताना उंबऱ्याला तिचा पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली. दात फरशीवर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.

पडलेलं मूल काय करतं, ते मी जन्मभर बघितलंय. आधी मान वर करतं. इकडेतिकडे बघतं, कोणी आहे का माझं. कोणी दिसलं की मग रडतं. कोणी नसलं तर जोरात रडतं, म्हणजे कोणीतरी येईल.

या मुलीनं मान वर केली नाही. ती हातांवर जोर देऊन उठली, फ्रॉक नीट केला, चालत आपल्या खुर्चीपाशी गेली आणि बसली. खालचा ओठ फाटला होता. हनुवटीवरून रक्त खाली येत होतं. तिनं बोट उचललं आणि तोंडावर ठेवलं. बोट लाल झालं. तिनं ते तिथंच ठेवलं आणि टीव्हीकडे बघत बसली.

मी उभी होते ती तशीच राहिले. कुपोषणानं काडी झालेली मुलं मी मांडीवर घेतली आहेत, पण असं कधी बघितलं नव्हतं.

मग मी धावले. रुमाल ओला करून तिच्या ओठाला लावला. जखमेला पाणी लागलं तरी ती 'स्स' सुद्धा करेना. मी तिला कडेवर घेतलं तर लाकूड उचलल्यासारखं वाटलं. मुलं कडेवर आली की अंगाला चिकटतात, पायांनी कंबर धरतात. हिचे पाय लोंबत राहिले. जवळून चेहरा बघितला तेव्हा कुठे ओळखलं. ही मनू होती. आमच्या सिंधीपुऱ्यातली, चार घरं सोडून राहणाऱ्या निलेश महाजनची मुलगी. तिला तीन वर्षं पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते.

वर्षा मॅडम आल्या. मी म्हटलं, "हिला लागलंय."

"लागलं? केव्हा?" त्या खरंच दचकल्या. "पण मॅडम, ती रडलीच नाही हो! रडली असती तर आम्ही धावलोच असतो ना."

त्या वाक्यानं मला जास्त धक्का बसला की त्या लाल बोटानं, ते मला अजून सांगता येत नाही. बाई खोटं बोलत नव्हती. तिला मनापासून तसंच वाटत होतं.

कार्यक्रम झाला. मुलांनी इंग्रजी कविता हातवारे करून म्हटल्या, आईबाप मोबाइल उंच धरून उभे होते. मनू ओळीत उभी होती, तिचे हात इतरांसारखे हलत होते, सुजलेला ओठ बंद होता. संस्कारांवर मला बोलता आलं नाही. "मुलं गोड आहेत" एवढं म्हणून मी खाली बसले. लोकांना वाटलं, पाहुण्यांची तब्येत ठीक नसावी.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच निलेशकडे गेले. त्याचं कापडाचं दुकान आहे. त्याची बायको प्राजक्ता शाहपुरला सरकारी शाळेत शिक्षिका, पहिलीचा वर्ग तिच्याकडे. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. घरी तिसरं मोठं माणूस नाही. मनू जमिनीवर बसून एक डबा उघडत होती, बंद करत होती.

"काकू, ओठाचं समजलं आम्हाला," निलेश म्हणाला. "बच्चे आहेत, पडतातच."

मी विचारलं, "बोलते का काही?"

"अजून नाही. कान इंदौरला दाखवले, एकदम नॉर्मल निकले. मी पण उशिराच बोललो होतो, आई सांगते. शांत स्वभाव आहे, बस."

प्राजक्ता उत्साहानं मोबाइल घेऊन आली. "काकू, तिथे कॅमेरा आहे ना. मी मधल्या सुट्टीत रोज बघते. हे बघा, मी रेकॉर्ड पण करून ठेवलंय. किती शहाणी बसते!"

पडद्यावर तीच ओळ. तीच बोटं.

"आवाज नाही येत याला?"

"नाही, फक्त चित्र."

"मग ती तिथं बोलते का, तुला कसं कळतं?"

"बोलत असेल ना, काकू. एवढी मुलं आहेत, किलबिल असणारच. घरी येते तेव्हा दमलेली असते, म्हणून गप्प."

मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. प्राजक्ताचा चेहरा आधी उतरला आणि मग तापला. "म्हणजे मी नोकरी सोडू का? सरळ तेच म्हणा ना! सगळे शेवटी तिथेच येतात."

"मी सोडली होती का? माझी दोन्ही मुलं मी फिरतीवर असताना दुसऱ्यांच्या हातात वाढली. नोकरी सोडायचं कोणी म्हणत नाही. फक्त एक दिवस माझ्याबरोबर चल. न सांगता."

निलेश म्हणाला, "काकू, तुम्ही आंगणवाडीच्या नजरेनं बघता. वो प्रायव्हेट है. फरक असतो."

प्राजक्तानं मंगळवारी सुट्टी घेतली. आम्ही सकाळी अकराच्या सुमारास गेलो. वर्षा मॅडम बाजारात गेल्या होत्या. खोलीच्या दाराबाहेर प्राजक्ता थांबली. हातातला मोबाइल चालू होता, त्यात मनू खुर्चीवर दिसत होती. तिनं दार हळूच उघडलं. आत मनू तशीच खुर्चीवर. प्राजक्तानं एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा आत. दोन्हीकडे सारखंच होतं. शेजारचा लूम तेवढा वाजत होता.

मग माझ्याकडे न बघता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काकू, मला वाटायचं कॅमेऱ्याला आवाज नाही."

मी तिचा दंड धरला.

"मनू," तिनं हाक मारली. मनूनं वळून आईकडे बघितलं. हसली नाही, धावली नाही. उठून कोपऱ्यातली आपली बॅग उचलली आणि दाराशी येऊन उभी राहिली. आई आली म्हणजे घरी जायची वेळ झाली, एवढंच तिला माहीत होतं.

वर्षा मॅडम आल्या. आम्हाला बघून त्यांना राग आला आणि त्या रागातही खोटेपणा नव्हता. "मी एकाही मुलाला हात लावत नाही. ओरडत नाही. जेवण गरम देते, फरशी दोन वेळा पुसून घेते, कॅमेरा लावलाय. अजून काय पाहिजे, मॅडम, तुम्हीच सांगा."

मी विचारलं, "यांच्याशी बोलतं कोण?"

त्यांनी पूजाकडे बघितलं. पूजा बिचारी घाबरून म्हणाली, "मॅडम, बोललं तर हे पण बोलायला लागतात. फिर सम्हलते नहीं. मी एकटीच आहे ना."

वर्षा मॅडम खाली बसल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आपल्याच घरात एक दार आहे आणि ते आपण कधी उघडलंच नाही, असं एखाद्याला अचानक दिसावं तसा तो होता. तिथं दुष्ट कोणीच नव्हतं. मुलाला मारणारं, उपाशी ठेवणारं कोणी असतं तर मी भांडले असते, तक्रार केली असती. इथं सगळी भली माणसं होती आणि त्यांनी मिळून पंचवीस मुलांना शिकवलं होतं की कोणी येणार नाही.

मनूला कुठे ठेवायचं, यावर महाजनांच्या घरी मोठी वादावादी झाली. प्राजक्ताच्या शाळेच्या आवाराला लागूनच आंगणवाडी आहे. ती चालवणारी रेखा विशीत असताना माझ्याच हाताखाली कामाला लागलेली. जागा छोटी, छत पावसात गळतं. पण तिथं एवढा गोंगाट असतो की माझं डोकं दुखायचं. रेखाला गप्प बसता येत नाही. भाजी चिरताना, शेंबूड पुसताना, झाडू मारताना तिचं मुलांशी बोलणं चालूच.

"आंगणवाडीत? आपली मुलगी?" निलेश म्हणाला. "दुकानात लोक काय बोलतील मला?"

प्राजक्ता म्हणाली, "बोलू देत. कोणीतरी बोलू देत एकदाचं."

ती रोज मनूला बसनं सोबत नेऊ लागली.

लगेच काही चमत्कार झाला नाही. मनू कोपऱ्यात बसायची. रेखा तिच्याशी बोलायची, उत्तर आल्यासारखं थांबायची, मग परत बोलायची. "मनू, ही वांगी बघ, किती किडकी! फेकू का? हो ना? फेकली बघ." काही महिने असेच गेले. आणि मग मनू चावायला लागली. ज्या मुलानं तिचा ठोकळा घेतला, त्याच्या दंडावर दात उमटवले. घरी बापाला चावली. भात आवडला नाही म्हणून ताटली फेकली आणि भिंतीला टेकून भोकाड पसरलं.

निलेश माझ्याकडे धावत आला. "काकू, बिघडली पोरगी! पहिले किती गुणी होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "रडली? जोरात?"

"पूरी गल्ली ने सुना!"

"मग पेढे आण रे बाबा," मी म्हटलं. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला.

तिचं पहिलं वाक्य रेखानं ऐकलं. एका मुलानं बाहुली ओढली तेव्हा मनू ओरडली, "नाही देत, माझी आहे!" रेखानं भांडण सोडवायचं सोडून प्राजक्ताला वर्गातून बोलावून आणलं. पण प्राजक्ताला जास्त लागलं ते नंतर. एकदा मधल्या सुट्टीत ती आवारातून बघत होती. मनू पडली. मान वर केली, इकडेतिकडे बघितलं. आईही दिसत होती आणि रेखाही. ती रडत रेखाकडे धावली.

"मला बरं पण वाटलं आणि कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं पण वाटलं," प्राजक्ता मला म्हणाली. हळूहळू मनू तिच्याकडेही धावायला लागली, पण ती पहिली धाव रेखाकडेच होती.

आता मनू चार वर्षांची होईल. बोलते. शब्द अजून नीट फुटत नाहीत, बोलणं सुधारणाऱ्या बाईंकडे नियमित जावं लागतं. गर्दीत कोणी मोठ्यानं बोललं की अजूनही एकदम दगड होते. सगळं भरून येईल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत आणि मीही सांगू शकत नाही.

वर्षा मॅडमनी प्रयत्न केला, हे मी नाकारणार नाही. टीव्ही बंद केला, आणखी दोन बायका ठेवल्या, मुलांशी बोला म्हणून सांगितलं. मला दोनदा बोलावून घेतलं, ऐकून घेतलं. खोलीत आवाज सुरू झाला. आणि पालक तक्रार घेऊन आले! "मॅडम, पहिले डिसिप्लिन चांगली होती. आता घरी उलट उत्तर देतो." काहींनी मुलं काढून दुसरीकडे नेली, जिथं मुलं गप्प बसतात. वर्षा मॅडम मला फोनवर म्हणाल्या, "मी काय विकत होते, ते मला आत्ता कळलं. आणि लोकांना तेच पाहिजे होतं." पुढे त्यांनी एक बाई कमी केली. टीव्ही परत लागला का, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

गेल्या महिन्यात प्राजक्ताचा फोन आला. शाळा सुटल्यावर, बसची वाट बघताना केलेला.

"काकू, माझ्या पहिलीत एक मुलगी आहे, शेवटच्या रांगेत बसते. कधी त्रास नाही, कधी आवाज नाही. आज मी तिच्याजवळ खाली जाऊन बसले. काहीच विचारलं नाही, नुसती बसले. खूप वेळानं ती माझ्या कानात बोलली, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. मग बोलतच राहिली. एक काळं आहे, एक पांढरं, काळं दूध पीत नाही. पाढे राहूनच गेले आज."

"बरं झालं राहिले," मी म्हटलं.

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज आला, रडत नव्हती, पण मला तो आवाज सहन झाला नाही.

"काकू, त्या रांगेत अजून सहा-सात आहेत."